रंग सोडा, काड्या मोजा

दुकानात काचेला चिकटलेले दोन इंचांचे काळपट मासे दिसतात आणि वर पाटी असते ‘सकर’. त्या एका पाटीखाली निदान तीन वेगवेगळे मासे विकले जातात. एक 12 ते 15 सेंमीवर थांबतो. दुसरा 40 सेंमी सहज गाठतो. तिसरा तर कॅटफिशच नसतो. दोन फुटी टँक असलेल्याला हा फरक पिशवीला रबर लागायच्या आधी कळला तरच उपयोग. सहा महिन्यांनी मासा स्वतःच सांगतो, पण तेव्हा तो परत घ्यायला कोणी तयार नसतं.

ओळखताना बहुतेकांची नजर आधी रंगावर जाते आणि तिथेच फसगत होते. कॅटफिशचा रंग घाबरला की उतरतो, काळ्या वाळूवर गडद होतो, पांढऱ्या वाळूवर फिका पडतो. पिशवीतून आलेला मासा पहिला दिवसभर स्वतःच्या खऱ्या रंगात नसतोच. शिवाय अल्बिनो निघाला की रंगाचा प्रश्नच मिटला: पिवळट अंग, लाल डोळे, मग तो कुठल्याही वंशाचा असो. याउलट पाठीच्या परातल्या काड्या पिल्लू अडीच-तीन सेंमीचं झालं की ठरलेल्या असतात. त्या भीतीने कमी होत नाहीत आणि खाण्याने वाढत नाहीत.

म्हणून आधी मोजायचं कसं ते.

पाठीचा पर, म्हणजे डॉर्सल फिन, उभा असताना बाजूने बघायचा. पहिली काडी जाड आणि टणक असते. तो काटा, तो मोजणीत धरायचा नाही. त्यामागच्या मऊ काड्या वरच्या टोकाला फाटे फुटलेल्या असतात, त्यामुळे वरून मोजल्या तर आकडा दुप्पट येतो. मोजणी नेहमी बुडाशी, जिथे काडी पाठीतून निघते तिथे. सगळ्यात शेवटची काडी कधी कधी बुडापर्यंत दुभंगलेली असते. ती एकच धरायची. मासा बसून राहिला तर पर मिटलेला असतो, त्यामुळे फोटोपेक्षा व्हिडिओ बरा: फोन काचेला समांतर धरून अर्धा मिनिट चित्रण करायचं आणि पर उघडलेला क्षण थांबवून झूम करायचा. फ्लॅश बंद, उजेड वरून. फोन तिरका धरला की काचेतून काड्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात आणि सातच्या सहा होतात. दुकानदाराला मासा पारदर्शक, चपट्या डब्यात काढून द्यायला सांगा. जाळीत काढून हातात धरून बघायचा हट्ट नको, त्याचं कारण पुढे येईल.

आता सकर. आपल्याकडे स्वस्तात मिळणारा सकर हा जवळजवळ नेहमी टेरिगोप्लिक्थिस वंशातला असतो. जुन्या पुस्तकांत आणि दुकानांच्या यादीत त्याला ‘हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस’ म्हटलेलं सापडेल, पण खरा हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस हा दक्षिण अमेरिकेच्या गयाना भागातला मासा, आणि बाजारात तो क्वचितच येतो. दोघांचा निकाल काड्यांवर लागतो: हायपोस्टोमसच्या पाठीच्या परात काट्यामागे साधारण 7 काड्या, टेरिगोप्लिक्थिसच्या परात 10 किंवा जास्त, बहुधा 11 ते 13. म्हणूनच टेरिगोप्लिक्थिसचा पर शिडासारखा लांबरुंद दिसतो.

ब्रिसलनोज, म्हणजे ॲन्सिस्ट्रस, यातही 7. म्हणजे दुकानात उभं राहून करायची चाचणी अगदी छोटी आहे: काड्या दहा किंवा जास्त भरल्या की तो मोठा होणारा सकर. अल्बिनो असो, सोनेरी असो, लांब शेपटीचा असो, फरक पडत नाही. ‘अल्बिनो ब्रिसलनोज’ म्हणून अल्बिनो टेरिगोप्लिक्थिसची पिल्लं सर्रास गळ्यात मारली जातात, आणि तिथे दुसरी कुठलीही खूण इतकी खात्रीची नाही.

ज्याला काड्या दिसत नाहीत त्याने थोबाडाची कड बघावी. टेरिगोप्लिक्थिसच्या अंगावरचं हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत थेट नाकाच्या टोकापर्यंत येतं. ॲन्सिस्ट्रसच्या थोबाडाची पुढची कड उघडी असते, नुसती मऊ कातडी. मासा काचेला चिकटला की ही कड ओठांभोवती गुळगुळीत झालरीसारखी दिसते. नर, मादी, पिल्लू, सगळ्यांत ही खूण सापडते. गालाजवळ आकड्यांसारखे वाकडे काटे असतात, आणि मासा चिडला की ते बाहेर येतात.

मिशांवर मात्र भिस्त ठेवू नका. ब्रिसलनोजच्या प्रसिद्ध मिशा, खरं तर मांसल दशा, नराला साधारण 6–7 सेंमीपासून नीट फुटतात. कपाळावर मधोमध वर चढणाऱ्या आणि टोकाला फाटे फुटलेल्या दशा म्हणजे नर. फक्त ओठाच्या वरच्या कडेला एक आखूड ओळ, किंवा तीही नाही, म्हणजे मादी. चार सेंमीच्या पिल्लाला दशा नाहीत म्हणून ‘हा साधा सकर आहे’ असं ठरवणं चुकीचं, आणि दुकानदार ‘अजून लहान आहे, मिशा येतील’ म्हणाला म्हणून विश्वास ठेवणंही तितकंच चुकीचं. काड्या मोजा.

एक पोटभेद इथे सांगायला हवा. काळ्या अंगावर बारीक पांढरे ठिपके आणि पाठीच्या व शेपटीच्या परांना पांढरी किनार, असा ब्रिसलनोज ‘स्टारलाइट’ म्हणून महाग विकला जातो. तो खरा ॲन्सिस्ट्रस डोलिकॉप्टेरस, म्हणजे छंदवाल्यांच्या क्रमांकानुसार एल183, असेल तर पाठीच्या परात 7 ऐवजी 8 किंवा 9 काड्या हव्यात. साध्या ब्रिसलनोजची ठिपकेदार पिल्लंही लहानपणी फसवण्याइतकी देखणी असतात. खऱ्या एल183 ला मऊ, आम्लधर्मी पाणी लागतं. बोअरच्या जड पाण्यात साधा ब्रिसलनोज मजेत राहील, हा कुढत राहतो. तेव्हा इथे ओळख चुकली तर नुकसान पैशांपुरतं राहत नाही.

मोठ्या सकरमध्ये, म्हणजे टेरिगोप्लिक्थिसच्या जातींमध्ये, पुढची फोड पोटावरून. मासा पुढच्या काचेला चिकटला की पोटाचा फोटो आपोआप मिळतो. पोटावर सुटे, गोल, गडद ठिपके असतील तर पार्डॅलिस किंवा मल्टीरेडिएटस. ठिपके एकमेकांत मिसळून वेड्यावाकड्या अळ्यांसारखी नक्षी झाली असेल तर डिसजंक्टिव्हस. पार्डॅलिसच्या डोक्यावर रेषांची भौमितिक जाळी असते, मल्टीरेडिएटसचे ठिपके अंगभर सुटे आणि सारख्या अंतरावर. नाकपुड्या उंच, पाठीच्या पराच्या पुढे डोक्यावर उंचवटा आणि अंगावर बिबट्यासारखे मोठे ठिपके, तो गिबिसेप्स. दुकानातला ‘सेलफिन’ बहुतेकदा हाच. लहान पिल्लांत पोटाची नक्षी पुरती उमटलेली नसते, त्यामुळे 10 सेंमीच्या आत ही फोड करायला जाऊ नका.

आणि खरं सांगायचं तर पार्डॅलिस आणि डिसजंक्टिव्हस यांची सरमिसळ इतकी झाली आहे की अर्धं पोट ठिपक्यांचं आणि अर्धं अळ्यांचं असे मासे भरपूर दिसतात. मूळ गावी डिसजंक्टिव्हस ॲमेझॉनची उपनदी मदेइरा हिच्या खोऱ्यातला; आशियातल्या पैदास तळ्यांत या जाती एकत्र वाढल्या. अशा माशावर नाव चिकटवण्यासाठी भांडत बसण्यात अर्थ नाही. घरच्या टँकसाठी ‘दहा किंवा जास्त काड्या’ एवढं पुरे, कारण या सगळ्यांना शेवटी लागणारी जागा सारखीच: सहा फूट बाय दोन फुटांचा टँक, त्याहून लहान नाही, आणि दणकट फिल्टर. सकर घाण खातो म्हणून आणायचा, हा समज कुठून आला देवजाणे. तो घाण करतो, आणि मापाने करतो.

टँक पुरेनासा झाला की हा मासा तलावात नाहीतर नदीत सोडला जातो. पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत, केरळ-आंध्रच्या पाण्यात आणि आपल्या उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात येणारे सकर असेच आलेले. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर हा मासा वर येऊन हवा गिळतो आणि पोटावाटे श्वास भागवतो, त्यामुळे गढूळ, कुजक्या पाण्यातही टिकतो. नर काठाच्या मातीत बिळं खोदतात आणि काठ ढासळतो. अंगावरच्या काट्यांनी जाळी फाटते, ते वेगळंच. मासा दुकानात परत द्या, ओळखीच्या मोठ्या टँकवाल्याला द्या, पण पाण्यात सोडू नका. ब्रिसलनोजही सोडू नका.

त्या पाटीखालचा तिसरा मासा म्हणजे चायनीज अल्गी ईटर, गायरिनोकायलस. सोनेरी रंगाचा असला की ‘गोल्डन सकर’. हा मेकाँग आणि थायलंडकडच्या नद्यांतला, कार्पच्या गोतावळ्यातला. ओळख सोपी: अंगावर खवले आहेत. पाठीच्या पराला काटा नाही, आणि पाठीचा पर ते शेपटी या दरम्यान कॅटफिशमध्ये दिसतो तसा छोटा मांसल ॲडिपोज पर नाही. लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की चपट्या अंगाच्या माशांच्या, म्हणजे एंजल, डिस्कस यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर चाटायला लागतो. ॲडिपोज पर नसणं ही खूण एकटी मात्र वापरू नका, कारण ऑटोसिंक्लसलाही तो नसतो, आणि ऑटो पक्का कॅटफिश आहे. ऑटो 4 सेंमीचा, अंगावर हाडाच्या पट्ट्या, नाकापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा. खवले की पट्ट्या, एवढं बघितलं की घोळ संपला.

कोरीडोरास, म्हणजे तळाशी राहणारे छोटे कॅटफिश, यांच्याकडे वळू. इथे आकाराचा धोका नाही, पैशाचा आहे. ‘ज्युली कोरी’ म्हणून जे मिळतात ते बहुतेक वेळा ट्रायलिनिएटस असतात. ट्रायलिनिएटस पेरू, इक्वेडोर, कोलंबियाकडच्या वरच्या ॲमेझॉनचा, 1872 पासून शास्त्राला माहीत. ज्युली ईशान्य ब्राझीलचा, नामकरण 1906 चं. दोघांच्या पाठीच्या पराच्या टोकाला काळा डाग, दोघांच्या कुशीला मधोमध काळी रेघ. म्हणून अंग बघायचं नाही, डोकं बघायचं. ज्युलीच्या डोक्यावर बारीक ठिपके आणि प्रत्येक ठिपका सुटा. ट्रायलिनिएटसच्या डोक्यावर ठिपके जोडले जाऊन भुलभुलैया होतो, नागमोडी रेघांचं जाळं.

फोटो वरून, डोळ्यांच्या मधोमध काढायचा. एकाच माशावरून ठरवू नका. ट्रायलिनिएटसच्या घोळक्यात एखादा सुट्या ठिपक्यांचा निघतोच, विशेषतः पिल्लांत, आणि दुकानदार नेमका तोच दाखवतो. सहा मासे बघा. दोघा-तिघांच्या डोक्यावर जाळी असेल तर सगळा घोळका ट्रायलिनिएटस. दोघांची निगा सारखीच, त्यामुळे मासा आवडला तर खुशाल घ्या, फक्त ‘ज्युली’ म्हणून जादा पैसे मोजू नका. पैदास करणार असाल तर मात्र एकाच खेपेतले घ्या.

नावांबद्दल एक सूचना. 2024 मध्ये कोरीडोरास वंशाची मोठी फोड झाली आणि जुनी वंशनावं पुन्हा वापरात आली. ज्युली आणि ट्रायलिनिएटस आता होप्लिसोमा वंशात, ब्राँझ कोरी ऑस्टिओगॅस्टरमध्ये, पिग्मी गॅस्ट्रोडर्मसमध्ये. नव्या यादीत ‘होप्लिसोमा ट्रायलिनिएटम’ दिसलं तर तो नवा मासा नाही.

ब्राँझ कोरी आणि एमराल्ड ब्रोकिस यांच्यात पुन्हा काड्याच कामी येतात. हिरवट चमकणारा ब्राँझ कोरी, ऑस्टिओगॅस्टर एनियस, ‘एमराल्ड’ म्हणून विकणं फार सोपं आहे, कारण योग्य उजेडात दोघेही हिरवे दिसतात. ब्राँझच्या पाठीच्या परात 7, क्वचित 8 काड्या. ब्रोकिस स्प्लेन्डेन्सच्या परात 10 ते 12. ब्रोकिसचा पर पाठीवर लांबवर पसरतो, अंग उंच असतं आणि मासा 8–9 सेंमीपर्यंत जातो. ज्याला सकर मोजता आला त्याला हे दहा सेकंदांचं काम.

स्टर्बाई आणि हॅराल्डशुल्झी ही कोरींची जोडी 1962 मध्ये एकाच शास्त्रज्ञाने जगापुढे आणली, आणि तेव्हापासून लोक गोंधळतात. दोघांच्या छातीच्या परांचे काटे नारिंगी. डोक्याकडे बघा: गडद डोक्यावर पांढरे ठिपके म्हणजे स्टर्बाई, फिक्या डोक्यावर गडद ठिपके म्हणजे हॅराल्डशुल्झी. संपलं.

बुटक्या तीन कोरींमध्येही फार डोकं लावावं लागत नाही. पिग्मेयसच्या अंगावर नाकापासून शेपटीपर्यंत अखंड काळी रेघ. हॅस्टॅटसला ती रेघ नाही, शेपटीच्या बुडाशी काळा डाग आणि त्याला पांढरी कड. हॅब्रोसस ठिपक्याठिपक्यांचा, रेघ तुटक. वागण्यातही फरक आहे: पहिले दोघे मधल्या पाण्यात थव्याने पोहतात, हॅब्रोसस तळ सोडत नाही. तिन्ही 3 सेंमीच्या आसपासचे, त्यामुळे मोठ्या माशांबरोबर ठेवले की ओळखायला उरतच नाहीत.

आफ्रिकेतल्या टांगानिका तलावाचे ठिपकेवाले सायनोडॉन्टिस कॅटफिश हा सगळ्यात महाग गोंधळ. मल्टिपंक्टेटस, म्हणजे ‘कुकू कॅटफिश’, आपली अंडी तोंडात पिल्लं वाढवणाऱ्या सिक्लिड माशांच्या अंड्यांत मिसळतो. पेट्रिकोला तसं काही करत नाही. पोट बघा. मल्टिपंक्टेटसचं पोट पांढरं, ठिपक्यांविना, आणि डोळे मोठे. पेट्रिकोलाच्या पोटावरही ठिपके येतात. ‘ड्वार्फ पेट्रिकोला’ म्हणून मिळणारा मासा बहुधा ल्युसिपिनिस, 2006 मध्ये वेगळा ठरलेला. त्याच्या परांवरच्या काळ्या भागाच्या बुडाशी फिका, उजळ कवडसा असतो. पेट्रिकोलाचा काळा रंग सलग बुडापर्यंत जातो. या वंशात फार्ममध्ये तयार केलेले संकर पुष्कळ येतात. ठिपके एका बाजूला मोठे आणि दुसऱ्या बाजूला रांगोळीसारखे मिसळलेले, पोट अर्धवट ठिपकेदार, असा मासा स्वस्तात मिळाला तर तो संकर धरून चाला आणि जोडी लावायला वापरू नका.

आता जाळीची गोष्ट. या बहुतेक माशांच्या पाठीच्या आणि छातीच्या पराचा पहिला काटा टणक असतो, आणि मासा घाबरला की तो उभा करून अडकवतो. बारीक जाळी त्यात गुंतते. ओढलं तर काटा मोडतो किंवा पराच्या बुडाला जखम होते, मग तिथे बुरशी. मासा प्लास्टिकच्या मगात किंवा डब्यात हाकला. जाळीत अडकलाच तर मासा पाण्यात ठेवून जाळीचे धागे कात्रीने कापा. जाळी पन्नास रुपयांत नवी येते. पिशवीही काट्याने फुटते, म्हणून एकात एक दोन पिशव्या आणि खालचे कोपरे रबराने बांधून गोल केलेले, म्हणजे मासा कोपऱ्यात अडकत नाही.

कोरी नेताना आणखी एक काळजी. काही कोरी घाबरले की कल्ल्यांजवळून विषारी स्राव सोडतात, आणि पिशवीच्या थोड्या पाण्यात तो त्यांच्याच अंगावर उलटतो. पाणी फेसाळलं, मासे धापा टाकायला लागले, तर वाट न बघता पाणी बदला. म्हणूनच ओळख पटवण्यासाठी त्यांना डब्यात काढायचं ते पाच मिनिटांच्या आत, आणि दुकानातच. काटा तुमच्या बोटात गेला तर दुखणं तासभर टिकू शकतं. बोट सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 40 ते 45 अंशांच्या, बुडवून ठेवा. भाजेल इतकं गरम नको. सूज चढतच राहिली तर डॉक्टरकडे जा, आणि कुठल्या माशाचा काटा लागला ते सांगा.